उसाचा रस कसा प्यावा : नगर जिल्ह्यातील नवशिक्यांसाठी प्राथमिक पाठ

आपल्याला उसाचा रस पिता येतो असं समजणारी माणसं नगर जिल्ह्यात घरटी सापडतील. प्रत्यक्षात ती ग्लास रिकामा करतात, एवढंच. कुठल्या रसवंतीत बसलो, ऊस कसला होता, चरकातून तो कितीदा गेला, बर्फ आधी पडला की नंतर, यातलं काही त्यांना सांगता येत नाही. विचारलं तर 'गार होता' एवढं उत्तर मिळतं. गार तर रांजणातलं पाणीही असतं.

इंग्लंडात बिअरवर एकदा अशीच वेळ आली होती. मोठ्या कंपन्यांनी पिंपातच मुरणारी जिवंत बिअर बाजूला सारली आणि गाळलेली, वायू भरलेली, गावोगाव एकाच चवीची बिअर पबांत आणली. तेव्हा आयर्लंडमध्ये सुट्टीवर गेलेल्या चार इंग्रज तरुणांनी १९७१ साली 'कॅम्पेन फॉर रिअल एल' ही चळवळ सुरू केली. ज्या पिंपात बिअर मुरली त्याच पिंपातून ती ग्लासात यावी आणि वरून वायू भरू नये, इतकीच त्यांची मागणी. १९७४ पासून त्यांची पबांची मार्गदर्शिका निघते, आणि कुठल्या गावच्या कुठल्या पबात पिंप नीट राखतात यावर तिकडची सभ्य माणसं तावातावाने भांडतात.

भांडायला आपल्याकडेही ऊस आहे. पण आपण भांडतो ते भावावर, उताऱ्यावर, वजनकाट्यावर आणि कारखान्याच्या निवडणुकीवर. उसाच्या चवीवर नगर जिल्ह्यात कुणी कुणाशी अबोला धरल्याचं ऐकिवात नाही. ही उणीव भरून काढावी म्हणून हे पाठ. पाठ क्रमाने वाचावेत. मधूनच आठव्या पाठावर उडी मारणाऱ्याला चोथा मिळेल.

पाठ पहिला : पूर्वतयारी

लागणारं साहित्य : सुट्टे पैसे, हातरुमाल आणि अर्धा तास. हल्ली पैसे फोनवरूनही देता येतात, पण स्कॅनचा कागद चरकाच्या खांबालाच चिकटवलेला असतो आणि त्यावर हंगामभर रसाचे शिंतोडे उडालेले असतात. फोन त्या कागदाकडे बघत राहतो आणि मागे रांग वाढते. सुट्टे बरे.

अर्धा तास कशाला, असं विचारणाऱ्याने चहा प्यावा. चहा घाईच्या माणसासाठीच आहे.

पाठ दुसरा : हंगाम आणि वेळ

रसवंतीचा हंगाम ढोबळमानाने महाशिवरात्रीला उघडतो आणि मृगाच्या पावसाला मिटतो. पण या चार महिन्यांतला प्रत्येक दिवस सारख्या योग्यतेचा नसतो. उसातली साखर थंडी सरता सरता सगळ्यात जास्त भरलेली असते, आणि माणसाची तहान मे महिन्यात. ही दोन्ही टोकं जवळ येतात ती फाल्गुनात. जाणकार माणूस होळी ते गुढीपाडवा या काळात पितो आणि उरलेल्या उन्हाळ्यात दुसऱ्यांना पाजतो.

मे महिन्यात रसवंतीवाल्याची खरी कसोटी लागते. कारखान्यांची धुराडी थंड झालेली असतात, फडातला बहुतेक ऊस गाळून गेलेला असतो, आणि कुणाच्या तरी विहिरीच्या पाण्यावर उभा राहिलेला ऊस हुडकत त्याला टेम्पो फिरवावा लागतो. त्या दिवसांत रस पातळ लागला तर लगेच तोंड वाकडं करू नये. आधी विचारावं, 'मामा, ऊस कुठनं आणता आता?' मामा गावाचं नाव सांगतील, मग अंतर, मग डिझेलचा भाव. एवढं ऐकून घेतलं की रस आपोआप थोडा गोड लागतो.

दिवसातली वेळ : दुपारी चारच्या सुमाराची. सकाळी कालची उरलेली मोळी संपवायची असते. चार वाजता गिऱ्हाईक लागलेलं असतं, ऊस झरझर खपतो आणि रस भांड्यात साठून राहायला सवड मिळत नाही. रिकाम्या रसवंतीत शिरू नये. गर्दीचा कंटाळा असणाऱ्याने ही विद्या शिकूच नये.

पाठ तिसरा : पाटी वाचणे

इंग्लंडात सर्वाधिक पबांचं नाव 'रेड लायन' म्हणजे तांबडा सिंह, आणि तो सिंह इंग्रजांनीही कधी पाहिलेला नाही. आपल्या रसवंत्यांवर 'कानिफनाथ' किंवा 'नवनाथ' असतं, आणि ती नावं आपल्याला चांगली ओळखीची. याचं कारण पुणे जिल्ह्यातल्या पुरंदर तालुक्यात सांगितलं जातं. तिथली पुष्कळ माणसं या धंद्यात उतरली, राज्यभर पसरली, आणि सासवडजवळच्या बोपगावच्या कानिफनाथाचं नाव पाटीवर घेऊन गेली.

नगरी माणसाला हे पटत नाही. कानिफनाथांची समाधी आमच्या पाथर्डी तालुक्यात, मढीला. होळीपासून पाडव्यापर्यंत तिथे यात्रा भरते, रंगपंचमीला गर्दी लोटते, गाढवांचा बाजार भरतो. मग नाव बोपगावचं कसं? नवशिक्याने या वादात पडू नये. रसवंतीवाला पुरंदरचा असेल तर 'बोपगावला एकदा यायचंय' म्हणावं, पाथर्डीचा असेल तर 'मढीला जाऊन आलो' म्हणावं. दोन्हीकडे आल्याचा तुकडा थोडा मोठा पडतो.

पाटीवरच्या इतर मजकुराकडे दुर्लक्ष करावं. 'शुद्ध', 'थंडगार', 'आरोग्यदायी' ही विशेषणं रंगाऱ्याकडे तयार असतात. मालकाने त्यांचा विचार केलेला नसतो. २०२४ साली जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं, पण उन्हाने उडालेल्या जुन्या पाट्यांवर अजून नगरच वाचायला मिळतं. पाटी जितकी जुनी तितकी बाकावर बसायला हरकत कमी.

पाठ चौथा : ऊस पाहणे

बसण्याआधी उभ्या करून ठेवलेल्या मोळीकडे पाहावं. ऊस तोडून जितके दिवस जातील तितकी त्यातली साखर फुटते आणि पाणी आटतं. तोडीची टोकं ओलसर, पांढरट असतील तर ऊस ताजा. टोकं वाळून भेगाळलेली, काळी पडलेली असतील तर मोळीने दोन-तीन उन्हं खाल्ली आहेत. कांडं उभं फुटलं आणि आत लाल पट्टे दिसले, आंबूस वास आला, तर ती लाल कूज. असा ऊस चरकात जाताना दिसला तर पाणी पिऊन उठावं.

बुडख्याकडचा ऊस गोड आणि शेंड्याकडचा अळणी. प्रामाणिक रसवंतीवाला शेंडा बराच खालून छाटतो आणि वाढं गुरांना घालतो. कंजूष माणूस शेंडाही चरकात घालतो आणि गुरांना चिपाड देतो. अशा रसवंतीत आपली गणना कशात होते हे ओळखून घ्यावं.

जातींची माहिती असली तर शेजारच्या बाकावर वजन पडतं. कोइमतूरच्या ऊस पैदास संस्थेची स्थापना १९१२ सालची. नुसत्या 'को' ने सुरू होणारी नावं तिथली, आणि त्यातला को ८६०३२ आपल्या भागात सगळ्यांना ठाऊक. दुसरा फुले २६५, राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या पाडेगाव केंद्राचा. चोपण जमिनीतही तो तग धरतो आणि टनेज देतो, म्हणून शेतकऱ्याने उचलला. लवकर तोडला तर उतारा मिळत नाही म्हणून अनेक कारखान्यांनी आधी नाक मुरडलं. म्हणजे उसाची जात ठरते ती शेतकऱ्याच्या टनावर आणि कारखान्याच्या उताऱ्यावर. पिणाऱ्याला कुणी विचारत नाही. त्याला हवा असतो मऊ सालीचा, कमी चोथ्याचा, भरपूर रसाचा ऊस. तो हुडकून आणणारा रसवंतीवाला या जिल्ह्यातला एकमेव माणूस आहे, जो ऊस चवीसाठी निवडतो.

पाठ पाचवा : चरक ऐकणे

चरकाला घुंगरं असतात. बैल गेले, इंजिन आलं, मोटर आली, घुंगरं राहिली. नवशिक्याने डोळे मिटून ऐकावं. घुंगरं अखंड वाजत असतील तर ऊस फिरतो आहे आणि रस ताजा आहे. घुंगरं न वाजताच ग्लास समोर आला, तर तो रस आधीच काढून ठेवलेला आहे. तो प्यायला हरकत नाही, पण त्याला प्राथमिक पाठांत स्थान नाही.

आता फेऱ्या मोजाव्यात. पहिल्या फेरीत ऊस सरळ जातो आणि सगळ्यात गोड, स्वच्छ रस येतो. दुसऱ्या फेरीत तो दुमडून जातो, आणि त्या घडीत लिंबू नि आलं दडपलेलं असतं. इथपर्यंत सगळं शास्त्रात बसतं. तिसरी फेरी ही मालकाची. चौथी फेरी ही सालीची, आणि तिच्यातून तुरट, हिरवट चव उतरते. चिपाड पाचव्यांदा आत जाताना दिसलं तर तो माणूस ऊस पिळतो आहे की तुम्हाला, याचा विचार करावा.

चरकाखालचं भांडं आणि त्यावरचं फडकं पाहावं. फडक्याचा रंग सांगता आला पाहिजे. सांगता येत नसेल तर पुढच्या रसवंतीकडे चालू लागावं. चिपाडाच्या ढिगावर मधमाश्या असल्या तर घाबरू नये, त्या गोडीचा दाखला आहेत. घरमाश्या असल्या तर तो दाखला वेगळ्या गोष्टीचा.

पाठ सहावा : मागणी देणे

नवशिका 'एक रस द्या' म्हणतो आणि नशिबावर हवाला ठेवतो. शिकलेला माणूस असं बोलतो :

'दादा, एक फुल. बर्फ नको.'

'बर्फ नको?'

'नको.'

'बिगरबर्फाचे पाच रुपये जास्त पडतील.'

'पडू द्या. लिंबू पिळू नका, उसातच दाबा.'

इथे दादा एकदा वर बघतो. ही नजर म्हणजे प्रवेश परीक्षा. ती चुकवू नये. बिनबर्फाच्या ग्लासला जास्त पैसे का, असा हिशोब विचारणाऱ्याने आपल्या ग्लासातला बर्फ वितळल्यावर किती रस उरतो हे कधी पाहिलेलं नसतं.

बर्फाबद्दल एक नियम पाठ असावा. जो बर्फ खायचा नाही त्यात निळा रंग मिसळावा, असं राज्यात २०१८ साली ठरलं. म्हणून गोणपाटाखालची लादी उघडी पडली की तिचा रंग पाहावा. पांढरा असला तरी तो कुठल्या पाण्याचा, हे लादीवर लिहिलेलं नसतं. बिनबर्फाचं दुसरं कारण चवीचं आहे. फार गार पदार्थाची गोडी जिभेला कळत नाही, आणि आंबटपणाही लपतो. इंग्रजांची खरी बिअरसुद्धा तळघरातल्या बारा-तेरा अंशांवरच देतात. बर्फाळ बिअर मागणाऱ्याकडे तिकडे ज्या नजरेने बघतात, ती नजर आपल्याकडच्या दादाने अजून कमवायची आहे.

पाठ सातवा : प्रत्यक्ष पिणे

एक : ग्लास उजेडात धरावा. रंग फिक्या हिरव्याकडे झुकणारा पिवळा हवा. मातकट तपकिरी असेल तर रस थांबलेला आहे. हवा लागली की रसातली विकरं त्याला काळपट करतात. लिंबातलं आम्ल ही गती मंदावतं, म्हणून लिंबू. लिंबू चवीपुरतं असतं असं समजणारे या पाठात नापास.

दोन : फेस पाहावा. फेस थोडा असावा, तो बसावा आणि खाली रस भरपूर निघावा. फेस बसल्यावर ग्लास अर्धा दिसला तर ग्लास पुढे करून गप्प उभं राहावं. बोलू नये. चांगला रसवंतीवाला न सांगता भर घालतो.

तीन : पहिला घोट लहान. तो आल्याचा असतो, त्यावरून मत बनवू नये. दुसऱ्या घोटाला ऊस कळतो. तिसऱ्याला जमीन कळते असं म्हणणारे काहीजण भेटतील. त्यांच्याशी वाद न घालता त्यांच्याकडून पैसे देववावेत.

चार : मीठ, मसाला, पुदिना यांचा मोह टाळावा. बिघडलेल्या रसाला मसाल्याने सावरता येतं, म्हणूनच पहिल्या वर्षी मसाला वर्ज्य.

पाच : प्लॅस्टिकच्या नळीने पिऊ नये.

सहा : पार्सल. हा शब्द या पाठांत फक्त इथे आला आहे.

पाठ आठवा : रसवंत्यांचे प्रकार आणि आमचे गुण

स्टँडजवळची रसवंती. माळीवाडा असो वा तारकपूर, एसटीच्या आवारापासून चालत दोन मिनिटांवर एक तरी असतेच. लाकडी बाक, देवांची कॅलेंडरं, प्लॅस्टिकची द्राक्षं, कोपऱ्यात पंखा. गिऱ्हाईक घाईचं, एक कान बसच्या घोषणेकडे. त्यामुळे ऊस भराभर खपतो आणि रस ताजा मिळतो, पण परत कधी न येणाऱ्या माणसाला दादा बर्फ हात राखून टाकत नाही. दहापैकी सहा. गाडी चुकल्यावर प्यायला बसलात तर सात, कारण तेव्हा फेऱ्या मोजायला वेळ असतो.

शिंगणापूर रस्त्यावरची बैलाची रसवंती. शिर्डीहून शनीला जाणाऱ्या गाड्यांसाठी या वाटेवर लाकडी चरक ओळीने मांडलेले असतात. उभ्या लाकडी लाटा, आडवं दांडकं, गोल फिरणारा बैल, मुलांना झोपाळे, आणि काचा खाली करून पाहणारे भाविक. लाकडी चरक लोखंडी चरकाइतका पिळत नाही. रस कमी निघतो, पण सालीचा कडवटपणाही कमी उतरतो. चवीला हा रस सगळ्यात मऊ. भाव भाविकाच्या गाडीकडे बघून ठरतो. शिंगणापुरात घरांना दारं नाहीत म्हणून वाटेवर कुणी हिशोब ठेवत नाही, असं समजू नये. रसाला आठ, भावाला चार, आणि बैलाला पूर्ण दहा. त्याची पाळी कधी संपते ते विचारून यावं.

पुणे रस्त्यावरची रसवंती. सुप्याच्या अलीकडे-पलीकडे, औद्योगिक वसाहतीच्या धुळीत. हिरवी जाळी, रांगेने खुर्च्या, रसाबरोबर भेळ, वेफर आणि फोन चार्ज करायची सोय. ज्या रसवंतीत रसाखेरीज तीनपेक्षा जास्त वस्तू मिळतात तिथे रस हा चौथा विषय असतो. पाच.

उपनगरातली हातगाडी. सावेडीत संध्याकाळी फिरायला निघालेल्या माणसांसाठी. छोटं बंद पेटीचं यंत्र, आधीच सोललेला ऊस, कागदी पेला. स्वच्छता चांगली, घुंगरं नाहीत. सोललेल्या उसाचा रस दिसायला देखणा आणि चवीला एकसुरी. सालीला लागून असलेला हलका तुरटपणा हाच रसाचा कणा, आणि इथे तो सालीबरोबर कचऱ्यात गेलेला असतो. स्वच्छतेला नऊ, रसाला पाच. आजारातून उठलेल्या माणसाला इथेच आणावं.

आठवडे बाजारातली रसवंती. घोडेगावसारख्या जनावरांच्या बाजारात ही भेटते. ताडपत्री, इंजिनाचा धूर, धूळ, आणि रुमालाखाली बोटं दाबून चाललेले सौदे. म्हैस विकून आलेला माणूस चार ग्लास सांगतो, न विकता परत निघालेला माणूस अर्धा. इथे ऊस चांगलाच असावा लागतो, कारण पिणारा निम्मा बाजार ऊस पिकवणारा असतो आणि त्याला फसवता येत नाही. आठ. धुळीचा एक गुण वजा केलेला आहे, नाहीतर नऊ.

ऊसपट्ट्यातली रसवंती. श्रीरामपूर, राहुरी, नेवासा, कोपरगाव. इथे मौज अशी की ज्याच्या बांधापाशी ऊस, तो रसवंतीत पैसे मोजायला तयार नसतो. घरचं कांडं दातांनी सोलून खाल्लेल्या माणसाला ग्लासातला रस म्हणजे कुणीतरी आधी चावलेला ऊस वाटतो. त्यामुळे या पट्ट्यात रसवंती पाहुण्यांवर, शाळेच्या पोरांवर आणि कचेरीतल्या माणसांवर चालते. ऊस शेजारच्या फडातून सकाळी आलेला. नऊ. एक गुण राखून ठेवला, कारण शेजारी बसलेला माणूस 'आमच्याकडचा याहून गोड' म्हणतोच.

गुऱ्हाळ. हा प्रकार पुढच्या इयत्तेचा. तिथे रस कढईत जाण्याआधी तांब्याने मिळतो, पैसे घेत नाहीत, आणि त्याला गुण देणं शिष्टाचाराला धरून नाही.

पाठ नववा : बाकावरची चर्चा

ग्लास हातात आला की बोलावं लागतं. विषय पुढीलप्रमाणे.

पाणी. नगर हा क्षेत्रफळाने राज्यातला सगळ्यात मोठा जिल्हा, चौदा तालुक्यांचा. अकोल्यात भंडारदऱ्यावर कोसळणारा पाऊस प्रवरेतून खाली येतो, आणि १९२६ साली पुऱ्या झालेल्या त्या धरणाच्या कालव्यांनी उत्तरेला ऊस दिला. दक्षिणेला पारनेर, जामखेड, पाथर्डी आभाळाकडे बघत राहिले. तुमच्या ग्लासात उतरलेला रस हे आधी अकोल्याचं पाणी असतं. हिवरे बाजारला गेलात तर उसाचा विषय काढू नका. त्या गावाने पाण्याचा हिशोब मांडून उसावर बंदी घातली आहे, आणि हिशोब त्यांचा बरोबर आहे.

कारखाना. लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकऱ्यांना एकत्र केलं, धनंजयराव गाडगीळ पाठीशी उभे राहिले, आणि १९५०च्या अखेरीस सहकारी साखर कारखान्याचं पहिलं गाळप सुरू झालं. आशिया खंडातला तो पहिला, असं इथे सांगतात. त्याआधी हरेगावला बेलापूर कंपनी होती, आणि टिळकनगरला १९३३ पासून डहाणूकरांची महाराष्ट्र शुगर मिल्स. त्या टिळकनगरची पुढे ख्याती झाली ती ब्रँडीसाठी. उसाची अखेर कशात होते हे उसाच्या हातात नसतं.

भाव. २०२५-२६च्या हंगामाला केंद्राने ठरवलेली रास्त आणि किफायतशीर किंमत टनाला ३,५५० रुपये, १०.२५ टक्के उताऱ्याला. म्हणजे किलोला तीन रुपये पंचावन्न पैसे, आणि त्यातूनही तोडणी-वाहतूक वजा. किलोभर उसाचा अर्धा लिटर रस धरला तर दोन ग्लास होतात. वीस रुपयांचा ग्लास धरून पुढचं गणित नवशिक्याने स्वतः करावं, पण रसवंतीवाल्यासमोर मोठ्याने करू नये. टेम्पो, सोलणारा माणूस, बर्फ, लिंबू, जागेचं भाडं आणि आठ महिने बंद दुकान, एवढं त्याने तोंडपाठ केलेलं असतं.

बंदी. ७ डिसेंबर २०२३ रोजी केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करायला मनाई केली. आठवडाभरात ती सैल झाली आणि पुढच्या वर्षी उठली. 'सरकारने उसाच्या रसावर बंदी घातली' एवढीच अर्धी ओळ वाचणारा माणूस प्रत्येक बाकावर एक असतो. त्याला शांतपणे एक हाफ सांगावा.

तोडणी. हा विषय शेवटी घ्यावा आणि थट्टेत घेऊ नये. मढीच्या आसपासच्या गावांतून, शेवगाव-पाथर्डीतून, शेजारच्या बीडमधून माणसं दसरा-दिवाळीनंतर बिऱ्हाड घेऊन फडावर जातात. नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता मोजला जातो. पहाटेच्या थंडीत हा ऊस त्यांनी तोडलेला असतो, आणि त्यांच्या गावात उन्हाळ्यात पिण्याचं पाणी टँकरने येतं. हे माहीत असलेल्या माणसाने ग्लासात रस टाकून उठू नये.

पाठ दहावा : शंकासमाधान

शंका : मधुमेह आहे. चालेल का?
उत्तर : पाव लिटर निर्भेळ रसात चाळीस ग्रॅमच्या आसपास साखर असते. नैसर्गिक साखर ही साखरच असते. तुम्ही शेजारी बसून फेऱ्या मोजा, तेही काम लागतं.

शंका : कावीळ झाल्यावर रस प्यावा म्हणतात.
उत्तर : अ आणि ई प्रकारची कावीळ दूषित पाण्यातून होते. उघड्यावरच्या रसात तेच पाणी बर्फ होऊन पडलेलं असू शकतं. डॉक्टर आधी, रसवंती नंतर, आणि मध्ये बराच काळ.

शंका : बाटलीबंद रस मिळतो, तो कसा?
उत्तर : टिकतो. टिकणं हा बाटलीचा गुण आहे.

शंका : घरी मिक्सरमध्ये करता येतो का?
उत्तर : पुढचा प्रश्न.

शंका : चांगली रसवंती एका वाक्यात कशी ओळखावी?
उत्तर : तुम्ही बसल्यावर ऊस चरकात जातो, बसण्याआधी नाही.

निकाल

दहाही पाठ वाचून झाल्यावर परीक्षा एकच. येत्या फाल्गुनात ओळखीच्या रसवंतीत जा, बिनबर्फाचा फुल सांगा, घुंगरं थांबेपर्यंत वाट पाहा आणि ग्लास हातात आल्यावर लगेच, बसल्या जागी प्या. आपल्या जिल्ह्यात ऊस टनावर, उताऱ्यावर आणि मतांवर मोजणारे भरपूर आहेत. तो जिभेवर तोलणारे फार थोडे, आणि त्यांच्याचमुळे एखादा रसवंतीवाला मे महिन्यातही चांगला ऊस हुडकायला निघतो. रस चांगला असला तर त्याला तोंडावर तसं सांगा, वाईट असला तर तेही सांगा. पैसे देऊन झाले की बाक मोकळा करा, मागे माणसं उभी आहेत.